मोटरहोम चालवायचंय? आधी लायसन्स आणि गाडीच्या प्लेटवरचं वजन ताडून बघा

मोटरहोम विकत घ्यायचं किंवा भाड्याने घ्यायचं ठरलं की आपण आतला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, बाथरूम बघत बसतो. लायसन्सचा विषय निघाला की समोरचा म्हणतो, "साध्या गाडीच्या लायसन्सवर चालते की!" मलाही तेच सांगितलं गेलं होतं. पहिल्या मोठ्या सहलीच्या आदल्या दिवशी सामान भरलेली गाडी सहज म्हणून वजनकाट्यावर नेली. हातात आलेल्या चिठ्ठीवर आकडा होता ३,६२० किलो. माझं लायसन्स आणि माझी गाडी, दोघांचीही मर्यादा होती ३,५०० किलो.

गाडी मी ब्रिटनमध्ये चालवतो. पुढचं वर्षभर वजन, वर्ग, वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा या सगळ्यातून गेलो. त्यातून जे कळलं ते क्रमाने मांडतो आहे, म्हणजे तुमचे हेलपाटे वाचतील.

१. गाडीची प्लेट शोधा

लायसन्स पाकिटातून काढण्याआधी गाडीवरची प्लेट बघा. बहुतेक गाड्यांत ती पुढच्या दाराच्या चौकटीत, सीटखाली किंवा बॉनेटच्या आत असते. युरोपातल्या गाड्यांवर साधारण चार आकडे एकाखाली एक असतात: भरलेल्या गाडीचं कमाल वजन, ट्रेलरसह एकूण कमाल वजन, पुढच्या ॲक्सलची मर्यादा आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा. काही मोटरहोमवर दोन प्लेटा सापडतात, एक चेसिस बनवणाऱ्याची आणि दुसरी त्यावर घर बांधणाऱ्याची. अशा वेळी शेवटच्या टप्प्याची, म्हणजे घर बांधणाऱ्याची प्लेट आणि नोंदणीचे कागद जुळतात का ते पाहा.

युरोपात आणि ब्रिटनमध्ये लायसन्सचा वर्ग ठरतो तो पहिल्या आकड्यावरून. गाडी किती लांब आहे, आत किती जण झोपतात, आज ती रिकामी आहे की भरलेली, याने वर्ग बदलत नाही. प्लेटवर ४,२५० लिहिलं असेल तर गाडी पूर्ण रिकामी असली तरी युरोपात ती ३,५०० च्या वरचीच गाडी. पुष्कळ जण इथेच फसतात. "मी सामानच कमी भरतो" हे उत्तर रस्त्यावर अडवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

याच्या उलट परिस्थिती माझी होती. प्लेट ३,५०० ची, लायसन्सही त्याला पुरेसं, पण भार जास्त. तो वेगळा गुन्हा आहे, ओव्हरलोडचा.

२. लायसन्सवरची अक्षरं आणि बारीक आकडे वाचा

युरोप आणि ब्रिटनमध्ये वर्ग असे आहेत:

- बी: ३,५०० किलोपर्यंतची गाडी, ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त ८ सीट
- सी१: ३,५०० च्या वर ७,५०० किलोपर्यंत
- सी: त्याहून जड, सी असेल तर सी१ त्यात आलंच

लायसन्सच्या मागच्या बाजूला प्रत्येक वर्गापुढे तारखा आणि आकड्यांचे कोड असतात, ते कुणी वाचतच नाही. ०१ म्हणजे चष्मा किंवा लेन्स लावूनच चालवायचं. ७८ म्हणजे फक्त ऑटोमॅटिक. तुम्ही ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली असेल आणि भाड्याचं मोटरहोम गिअरचं निघालं, तर वजन बसत असूनही तुम्हाला ते चालवता येणार नाही. बुकिंग करतानाच हे विचारून घ्या.

जुन्या लायसन्सधारकांना बरीच सूट आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी कारची परीक्षा पास झालेल्यांना सी१ आपोआप मिळालेलं असतं. जर्मनीत १९९९ पूर्वीच्या जुन्या 'क्लासे ३' वाल्यांना ७.५ टनांपर्यंतची गाडी चालते. त्यामुळे एखादे काका "आम्ही तर वर्षानुवर्षं मोठी गाडी साध्या लायसन्सवर चालवतो" म्हणतात तेव्हा ते खरंच सांगत असतात, फक्त त्यांचं लायसन्स तुमच्यासारखं नसतं. ही सूटही कायमची नाही. ब्रिटनमध्ये वयाच्या ७० व्या वर्षी लायसन्स नव्याने काढावं लागतं, तेव्हा सी१ टिकवायचं असेल तर डॉक्टरांचा अहवाल जोडावा लागतो. तो न जोडता नुसता ऑनलाइन अर्ज केला तर नव्या लायसन्सवरून सी१ गेलेलं असतं.

३. ज्या देशात चालवणार तिथली रेषा कुठे आहे?

- ऑस्ट्रेलिया: साध्या सी वर्गावर ४,५०० किलोपर्यंत. इथलं सी म्हणजे कारचंच लायसन्स, युरोपातलं सी नव्हे. अक्षर एक, अर्थ वेगळा.
- न्यूझीलंड: क्लास १ वर ६,००० किलोपर्यंत.
- कॅनडातला ओंटारिओ प्रांत: जी वर्गावर ११,००० किलोपर्यंत.
- अमेरिका: नियम राज्यागणिक बदलतो. बहुतेक ठिकाणी २६,००० पौंडांपर्यंत (सुमारे ११,८०० किलो) साधं लायसन्स पुरतं. टेक्सासमध्ये त्यावर गेलात तर बिगरव्यावसायिक बी वर्ग लागतो. कॅलिफोर्निया लांबीही बघतं, ४० फुटांपेक्षा लांब मोटरहोमला वेगळा वर्ग आहे.
- जपान: १२ मार्च २०१७ पासून काढलेल्या साध्या लायसन्सवर ३.५ टनांच्या आतलीच गाडी.
- भारत: एलएमव्हीची, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सची रेषा ७,५०० किलोवर आहे. वाहतूक वाहनांबद्दल बरीच वर्षं वाद होता. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनालाही एलएमव्ही पुरेसं असल्याचं सांगितलं.

युरोपात नियम बदलू घातलेत. २०२५ मध्ये युरोपीय संघाने जो नवा निर्देश मंजूर केला, त्यात बी लायसन्सवर ४,२५० किलोपर्यंतचं मोटरहोम चालवायची वाट मोकळी केली आहे, पण त्यासाठी वेगळं प्रशिक्षण किंवा परीक्षा लागेल. आणि हा बदल प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात आणल्यावरच लागू होतो. "आता ४,२५० चालतं" असं कुणी सांगितलं म्हणून आज तशी गाडी घेऊ नका. ब्रिटनमध्येही बी वर ४,२५० चा उल्लेख दिसेल, पण तो धूर न सोडणाऱ्या, म्हणजे विजेवरच्या वगैरे गाड्यांपुरता आहे. डिझेल मोटरहोमला तो लागत नाही.

४. परक्या देशातलं लायसन्स असेल तर

आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, हे तुमच्या लायसन्सचं अधिकृत भाषांतर आहे. नुसतं आयडीपी खिशात घालून चालत नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच. ते तुमच्या लायसन्सच्या देशातून, निघण्याआधी काढावं लागतं.

भारतात ते आरटीओकडून मिळतं. अर्ज फॉर्म ४ए वर, सोबत चालू लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो. मुदत एक वर्ष, तीही मूळ लायसन्स तितके दिवस चालू असेल तर. लायसन्स संपत आलं असेल तर आधी त्याचं नूतनीकरण करा.

"आंतरराष्ट्रीय लायसन्स घरपोच, दहा वर्षांसाठी" असं विकणाऱ्या साइट्स भरपूर आहेत. १९४९ च्या आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतूक करारानुसारचं परमिट एक वर्षाचं असतं, १९६८ च्या करारानुसारचं जास्तीत जास्त तीन वर्षांचं. दहा वर्षं कुणी देत असेल तर ते कार्ड काही कामाचं नाही. कोणत्या करारानुसारचं परमिट लागतं हेही बघा. जपान फक्त १९४९ चं मानतं.

आपल्या लोकांसाठी मोठा खड्डा पुढे आहे. भारतातल्या एलएमव्हीवर ७,५०० किलोपर्यंत चालतं, म्हणून परदेशातही तेवढं चालेल, असं गृहीत धरलं जातं. तसं होत नाही. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून तुम्हाला १२ महिने तुमच्या लायसन्सवर छोटी गाडी चालवता येते, आणि छोटी म्हणजे ३,५०० किलो आणि ८ प्रवासी सीटपर्यंत. राहायलाच आला असाल तर त्या १२ महिन्यांनंतर इथली परीक्षा द्यावी लागते, भारतातलं लायसन्स बदलून मिळत नाही. मी तसाच नव्याने परीक्षा देऊन बी वर आलो. सी१ आपोआप मिळायचा काळ कधीच सरला होता.

५. वजनाचं गणित कागदावर मांडा

हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. माझ्या गाडीच्या कागदावर "चालू स्थितीतलं वजन" ३,०५० किलो होतं. युरोपात या आकड्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के इंधन धरलेलं असतं. म्हणजे मला ४५० किलो मोकळे, असं वाटलं. मग एकेक वस्तू मांडली:

- बायको आणि दोन मुलं: १२५
- पाणी: टाकी ११० लिटरची, पण कागदावरच्या आकड्यात फक्त २० लिटर धरलेलं. उरलेले ९०
- बाहेर उघडणारं छत: ३५
- सायकलींचा स्टँड आणि चार सायकली: ७५
- जादा बॅटरी: २५
- सोलर पॅनल: २०
- दुसरा गॅस सिलिंडर: २५
- कपडे, भांडी, खुर्च्या, टेबल, धान्य, खेळणी: १८०

बेरीज ५७५. कागदावर ३,६२५, काट्यावर ३,६२०.

कपडे-भांड्यांचा आकडा पुन्हा बघा. एकही वस्तू जड नव्हती. सगळ्या मिळून दोन माणसांपेक्षा जास्त झाल्या.

काट्यावर गाडी तीनदा तोला. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो, कारण मागे लटकवलेली वस्तू तरफेसारखी काम करते. समजा दोन्ही ॲक्सलमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि ६० किलोच्या सायकली मागच्या ॲक्सलच्या २.५ मीटर मागे आहेत. मागच्या ॲक्सलवर भार ६० ने नाही, साडेसत्त्याण्णव किलोने वाढतो आणि पुढच्यावरचा साडेसदतीसने कमी होतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगही हलकं लागतं. ओल्या रस्त्यावर ते जाणवतं. माझा मागचा ॲक्सल २,००० च्या मर्यादेवर २,०८० दाखवत होता.

वजन जास्त भरलं तर रस्ते तीन. एक, सामान उतरवा: पाण्याची टाकी मुक्कामी भरा, सायकली भाड्याने घ्या. दोन, कमी वजनाची दुसरी गाडी बघा. तीन, गाडीची मर्यादा अधिकृतरीत्या वाढवून घ्या. तिसऱ्यात प्लेट बदलते, कधी मागचे स्प्रिंग किंवा टायर बदलावे लागतात, आणि प्लेट ३,५०० च्या वर गेली की सी१ लागतं. मी तिसरा रस्ता घेतला. मर्यादा ३,८५० झाली.

काही विक्रेते उलटं करून देतात, ३,८५० च्या गाडीची प्लेट कागदोपत्री ३,५०० करतात. लायसन्सचा प्रश्न सुटतो, पण रिकामी गाडीच ३,२०० असेल तर तुमच्या हातात ३०० किलो उरतात, त्यात चार माणसं आणि पाणी. अशी गाडी चार जणांच्या कुटुंबाने घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

६. सी१ काढायचं ठरलं तर (ब्रिटनमधला क्रम)

पहिलं, वैद्यकीय. डीव्हीएलएचे, म्हणजे ब्रिटनच्या लायसन्स खात्याचे दोन फॉर्म लागतात: डी२ हा अर्ज आणि डी४ हा डॉक्टरांनी भरायचा अहवाल. डी४ नेहमीच्याच डॉक्टरांनी भरायला हवा असं नाही, कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर चालतो. डोळ्यांचा भाग चष्म्याच्या दुकानातल्या तज्ज्ञाकडून भरून घेता येतो. चांगल्या डोळ्याची नजर किमान ६/७.५ आणि दुसऱ्याची ६/६० लागते, चष्म्यासह चालते, मात्र चष्म्याचा नंबर अधिक ८ च्या पुढे नको. डॉक्टरांच्या सहीनंतर चार महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. इन्सुलिन चालू असेल किंवा कधी फिट आली असेल तर नियम कारपेक्षा बरेच कडक आहेत. आधी डॉक्टरांशी बोला, मग पुढचे पैसे भरा.

दुसरं, लेखी परीक्षा. शिकाऊ सी१ लायसन्स हातात आल्यावर दोन भाग द्यायचे. बहुपर्यायी १०० प्रश्न, ११५ मिनिटं, पास व्हायला ८५. आणि धोका ओळखण्याच्या १९ चित्रफिती, १०० पैकी ६७. दोन्ही भाग दोन वर्षांच्या आत. कारची परीक्षा होऊन बरीच वर्षं झाली असतील तर ट्रकचं पुस्तक मनापासून वाचा. ब्रेकची हवा, वाहनाची उंची, भार बांधणं, यावर कार चालवणाऱ्याने कधी विचारच केलेला नसतो.

व्यावसायिक ड्रायव्हरला लागणारे सीपीसीचे जादा भाग तुम्हाला लागत नाहीत. काही प्रशिक्षण केंद्रं सगळ्यांना एकच पॅकेज देतात. "मला फक्त स्वतःचं मोटरहोम चालवायचंय" हे पहिल्याच फोनवर सांगा.

तिसरं, प्रत्यक्ष चालवणं. मला वाटलं होतं, माझ्याच गाडीवर परीक्षा देऊ. देता येत नाही. परीक्षेची गाडी किमान ४ टनांची आणि ५ मीटर लांब हवी, शिवाय एबीएस (चाकं जाम होऊ न देणारे ब्रेक) आणि टॅकोग्राफ (वेग आणि चालवण्याचा वेळ नोंदवणारं यंत्र) हवा. त्यामुळे प्रशिक्षकाचा छोटा ट्रकच घ्यावा लागतो. परीक्षेचे दोन तुकडे असतात. पहिला बंद आवारात मागे घेण्याचा, दुसरा रस्त्यावरचा. रस्त्यावर १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात, गंभीर एकही नाही.

मागे घेण्याचा सराव मी सगळ्यात जास्त केला. शंकूंच्या रांगेत गाडी मागे नेताना नजर आपोआप एकाच आरशात अडकते. माझे प्रशिक्षक दर दोन-तीन सेकंदांनी नुसतं "दुसरा" म्हणायचे, म्हणजे दुसऱ्या आरशात बघ. तिसऱ्या दिवशी त्यांनी म्हणायचं बंद केलं आणि माझी मान आपोआप फिरत होती. आणखी एक गोष्ट तिथेच शिकलो: मागच्या चाकांच्या मागे जो लांब भाग असतो, तो वळताना उलट्या बाजूला बाहेर झुकतो. गाडी डावीकडे वळवली की शेपूट उजवीकडे जातं. पेट्रोल पंपावर खांब घासतो तो याच कारणाने, पुढून गाडी छान निघालेली असते.

काही जण सी१ ऐवजी थेट सी ची परीक्षा देतात. सी१ त्यात येतंच, आणि सी ची गाडी बऱ्याच केंद्रांकडे असते. वेळ आणि पैसे सारखेच लागत असतील तर विचार करायला हरकत नाही.

सरावासाठी शिकाऊ लायसन्सवर एकट्याने मोठी गाडी काढू नका. शेजारी त्या वर्गाचं लायसन्स असलेली पात्र व्यक्ती आणि गाडीला एल प्लेट लागतेच. नव्याने मिळालेल्या सी१ चं ४५ नंतर दर पाच वर्षांनी आणि ६५ नंतर दरवर्षी वैद्यकीय करावं लागतं, ते कॅलेंडरमध्ये आताच टाका.

७. ३,५०० ओलांडल्यावर बाकी काय बदलतं

लायसन्स मिळालं म्हणजे गाडी पूर्वीसारखीच चालवायची, असं नाही. जर्मनीत ३.५ ते ७.५ टनांच्या मोटरहोमला ऑटोबानवर १०० आणि गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ८० किमीची मर्यादा आहे. ऑस्ट्रियात काचेवरचं स्टिकर चालत नाही, टोलसाठी गो-बॉक्स नावाचं यंत्र लावावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये जड वाहनांचा वेगळा कर भरावा लागतो. "३.५ टन" असं लिहिलेली बंदीची पाटी आता तुमच्यासाठी असू शकते, म्हणून नकाशाच्या ॲपमध्ये गाडीचं वजन आणि उंची भरा.

मागे ट्रेलर लावणार असाल तर बी वर युरोपात ७५० किलोपर्यंतचा बिनबोभाट चालतो, त्यापुढे बीई (बी अधिक जड ट्रेलर) वगैरेचा विचार करावा लागतो. ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून बी धारकांना वेगळ्या परीक्षेशिवाय ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. तरी गाडीच्या प्लेटवरची ओढण्याची मर्यादा पाळावीच लागते.

८. सोबत ठेवायची कागदपत्रं

- मूळ लायसन्स, पुढून-मागून फोटो फोनमध्ये
- लागत असेल तिथे आयडीपी. लायसन्स तिथल्या भाषेत नसेल तर अधिकृत भाषांतर
- नोंदणीचे कागद आणि वजनाच्या प्लेटचा स्पष्ट फोटो
- मर्यादा वाढवली किंवा कमी केली असेल तर त्याचं प्रमाणपत्र
- विम्याचे कागद. कंपनीला गाडीचं नवीन कमाल वजन कळवलंय याची लेखी नोंद हवी
- वजनकाट्याची अलीकडची चिठ्ठी
- भाड्याची गाडी असेल तर करारपत्र, आणि त्यावर चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव

शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष करू नका. सहलीत थकवा आला की "थोडं तू चालव" म्हणून चावी दुसऱ्याच्या हातात जाते. त्याचं नाव करारात नसेल, किंवा त्याच्या लायसन्सवर तो वर्गच नसेल, तर अपघातात विमा कंपनी तुमच्याकडून वसुली करू शकते. भाड्याच्या गाड्यांना वयाची अटही असते, बऱ्याचदा २१, २३ किंवा २५. ती कायद्याच्या किमान वयाहून जास्त असते, म्हणून आधी विचारा.

माझी गाडी मर्यादा वाढवल्यावर पुन्हा काट्यावर नेली, त्याच सामानासह, फक्त सायकली मागून काढून आतल्या खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. एकूण ३,६२०, मागचा ॲक्सल १,९८०. ती चिठ्ठी आता लायसन्सच्या पाकिटात असते, आणि दर मोठ्या सहलीआधी तिच्या जागी नवी येते.